त्यांना चालतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही नाही — तिथेसुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलून उठते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. उद्या तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसणार नाही.

माझ्या सासूबाई माळकरी होत्या. खोपोलीजवळ, साजगावच्या पलीकडे आमचं घर. नवरा तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. सासूबाईंनी स्वतःच्या लग्नाआधीच तुळशीची माळ घातली होती. मटण-मासळी तर सोडाच, अंड्याचा केकही त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. आणि मी भिसेगावची, मासळीवर वाढलेली. सासरी यातलं काही खाणार नाही, असं मी लग्न ठरतानाच कबूल केलं होतं. पाळलंही.

तरी माहेरी जाऊन आले की आधी न्हाणी. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. एकदा — मला सातवा महिना होता — आई सुकटीची चटणी घेऊन आली, छोट्या स्टीलच्या डब्यात. मी म्हटलं, मागच्या दारी बसून खाते. सासूबाईंनी तो डबा चिमट्यात धरला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. आईच्या समोर. आईने चहा घेतला आणि गेली. नंतर ती आमच्याकडे कधीच जेवायला थांबली नाही.

हे का सांगतेय? माझी बाजू म्हणून? नाही, तसं समजू नका. मी जे केलं ते त्यानंतर सहा वर्षांनी. सहा वर्षांत माणूस विसरू शकतो. मी विसरले नव्हते, एवढंच.

नवऱ्याला बढती मिळाली म्हणून आम्ही माथेरानला गेलो. सासूबाई पहिल्यांदाच घोड्यावर बसल्या. खोगीर घट्ट धरून त्या सबंध वाट घोडेवाल्याला "हळू रं बाबा, हळू" म्हणत होत्या. दुपारी नवरा आम्हाला एका जुन्या बंगल्यातल्या हॉटेलात घेऊन गेला. साहेबी पद्धतीचं — पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, प्रत्येकापुढे दोन-दोन काटे, घडी घालून उभे केलेले रुमाल. सासूबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, पदर सावरत, कुणी उठवेल की काय अशा. मेन्यू इंग्रजीत. नवऱ्याने तो माझ्याकडे सरकवला. "आईला चालेल असं तूच बघ."

मी कांद्याचं फ्रेंच सूप सांगितलं. कांदा त्यांना चालायचा. इथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, हे मात्र खरं.

सूप आलं. तपकिरी, वर पावाचा तुकडा आणि वितळलेलं चीज. तेवढ्यात मुलीला माकडं बघायची होती, म्हणून नवरा तिला घेऊन व्हरांड्यात गेला. सासूबाईंनी दोन चमचे घेतले असतील. त्या कानाने मंद, आणि सगळं लक्ष वाटीत. वेटर माझ्या खुर्चीशी येऊन वाकला. पन्नाशीचा माणूस, बोलण्यावरून आमच्याच भागातला.

"ताई, आजींच्या गळ्यात माळ हाय म्हनून इचारतो. या सुपात कोंबडीचं पानी असतं. मगाशी माज्या ध्यानात नाय आलं. बदलून आनू का?"

उत्तर द्यायला मला किती वेळ लागला? फार नाही. मला वाटतं, अजिबात नाही.

"राहू द्या," मी म्हणाले. "त्यांना चालतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माळेकडे. आणि तो गेला.

मी घाबरले होते का? भर हॉटेलात रडारड होईल, नवऱ्याचा दिवस बिघडेल, म्हणून? कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण ते खोटं आहे. मला बरं वाटलं होतं. हाताची घडी घालून मी बसले आणि प्रत्येक चमचा तोंडात जाताना पाहिला. शेवटी त्यांनी पावाने वाटी पुसून घेतली. "काय गं चव हाय!" त्या म्हणाल्या. "नुसत्या कांद्याला अशी चव?"

गावी आल्यावर त्यांनी ते सूप सगळ्यांना सांगितलं. हरिपाठाला येणाऱ्या बायकांना, दूधवाल्याला, व्याह्यांना. मी शेजारी बसून भाजी निवडत असायची. पहिल्या वर्षी मला आतून हसू यायचं. नंतर नुसतंच ऐकायची. आणि मग, का कोण जाणे, त्यांनी विषय काढला की मी उठून आत जाऊ लागले.

चार वर्षांनी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अन्न जाईना. पेज नको, ताक नको, नारळाचं पाणी नको. एका सकाळी म्हणाल्या, "ते सूप कर गं. माथेरानचं."

मी कांदा लोण्यात परतून परतून केलं. एक चमचा घेऊन त्यांनी मान फिरवली. "ह्ये नाय ते." दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नवरा पहिल्या पाळीला गेल्यावर मी खोपोलीच्या बाजारात गेले आणि कोंबडीची हाडं आणली. मेथीच्या जुडीखाली लपवून. दारं लावून उकळली, दोनदा फडक्यातून गाळली.

त्या अर्धी वाटी प्यायल्या. डोळे मिटून. "ह्येच ते," म्हणाल्या. मग माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "मी तुला लई छळलं गं. आन तू मला पोटच्या पोरीवानी पाजतीस."

तेव्हा सांगायला हवं होतं ना? त्यांच्या हातात माझा हात होता, घरात आम्ही दोघीच. मी म्हणाले, "आई, अजून एक चमचा घ्या."

त्यानंतर त्या अकरा दिवस होत्या. रोज मी तेच केलं. आता तुम्ही विचाराल — हे शेवटचं सुडाने केलं की मायेने? मीही विचारते. माया म्हटलं की स्वतःला सोडवल्यासारखं होतं. सूड म्हटलं तरी खरं बोलल्याचं समाधान मिळतंच. म्हणून मी उत्तर देत नाही. मला माहीत होतं त्या काय पीत होत्या, आणि त्यांना माहीत नव्हतं. एवढंच नक्की आहे.

त्या गेल्या तेव्हा भजनी मंडळी आली. बुवांनी तोंडात तुळशीपत्र ठेवलं आणि जमलेल्यांना म्हणाले, "माउलीने जन्मभर माळेचा शब्द राखला." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

आता घरात काही कार्य असलं की माझी नणंद नव्या सुनांना जवळ बसवते आणि सांगते, आमच्या वहिनीने आईचं शेवटपर्यंत कसं केलं, रोज ताजं सूप स्वतःच्या हाताने कसं पाजलं. नवऱ्याचे डोळे भरून येतात. मी खाली बघत बसून राहते. त्यांना वाटतं, मला संकोच होतो.