नावाड्याचा रस्सा आणि आमचा तबक

आमच्या नाटक कंपनीत प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या माणसाला सगळे तबक म्हणत. प्रयोगभर तो विंगेत हातात तबक धरून असायचा आणि त्यात पत्र, पिस्तूल, चष्मा, औषधाची बाटली, ज्याला जे लागेल ते तयार असायचं. मी कंपनीतली नटी, उभं आयुष्य त्याच्याबरोबर काम केलं आणि त्यातलं निम्मं त्याच्यावर चिडण्यात घालवलं. कंपनी बंद पडली तेव्हा सगळे रडले. मीही रडले, पण मनात म्हटलं, चला, तबकच्या हातचं खाणं तरी सुटलं. कुठलं सुटतंय.

नाटकात जेवणाचा प्रसंग असला की ते जेवण तबकच करायचा. त्याचे नियम ठरलेले होते. पदार्थ मऊ हवा, कारण कुरुमकुरुम आवाजात वाक्य बुडतं. भुगा पडता कामा नये, ठसका लागतो. दोन वाक्यांच्या मध्ये घास गिळून झाला पाहिजे. तिखट नको, घसा बसतो. कांदा-लसूण नको, पुढच्या प्रवेशात नायक जवळ येणार असतो. मासा म्हणजे दुधीची फोड, तिच्यावर सुरीच्या टोकानं खवले कोरलेले, कारण काटा अडकला तर पुढचं वाक्य कोण बोलणार? आणि हे सगळं सांभाळून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पदार्थ ओळखू आला पाहिजे. दिसायचं अगदी बघत राहावं असं. चव मात्र ओल्या पुठ्ठ्याची. प्रत्येक प्रयोगानंतर मी त्याला हे तोंडावर सांगायची. तो शांतपणे म्हणायचा, "बाई, एकदा बाल्कनीत बसून बघा." अरे, पण मी बाल्कनीत कशी बसणार, मी तर रंगमंचावर बसून तेच खातेय ना. हा मुद्दा त्याच्या डोक्यात कधीच शिरला नाही.

स्वतः त्यानं त्यातला घासही कधी तोंडात घातला नव्हता. एकदा दिव्यांच्या माणसानं नाटकातल्या नायकाच्या वाढदिवसाचा केक मध्यंतरात खाऊन टाकला होता. त्या दिवसापासून प्रयोगाच्या खाण्याला पडद्यामागच्या माणसांनी हात लावायचा नाही, असा कंपनीचा दंडक झाला. बाकीच्यांनी तो सोयीनं पाळला. तबकनं व्रतासारखा पाळला.

कंपनी बंद झाल्यावर तो लेकीकडे राहायला गेला. लेकीचं पुस्तकांचं दुकान. खाली पुस्तकं, चार टेबलं आणि मागे छोटं स्वयंपाकघर, वर राहायच्या दोन खोल्या. पण तबकला तिथं बसवेना. लेकीकडे आयतं गिळत बसणार नाही, काही काम नसलं तर थोरल्या भावाच्या गावी जातो, असं तो येता-जाता म्हणायचा. त्या भावाशी याचं कधी पटलं नव्हतं. तरीही पत्र्याच्या ट्रंकेतलं सामान त्यानं कपाटात लावलं म्हणून नव्हतं, रोज लागतील तेवढे कपडे काढायचे आणि धुऊन परत तिच्यातच ठेवायचे. लेक बापाला सोडायला तयार नव्हती, पण तेही ती तोंडानं बोलत नव्हती. हट्टीपणा घराण्यातला.

ही पोर माझ्या मेकअपच्या टेबलाखाली लहानाची मोठी झाली, मला मावशी म्हणते. एक दिवस ती आली आणि म्हणाली, दुकानात दर शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम करायचाय. एक आवडतं पुस्तक निवडायचं, त्या गोष्टीतला पदार्थ करायचा, मावशीनं त्यातला उतारा वाचायचा आणि लोकांनी जेवता जेवता ऐकायचं. स्वयंपाकघर बाबांकडे देऊ का, असं तिनं विचारलं. मी झोकात म्हटलं, तुझ्या बापानं आयुष्यभर गोष्टीतलंच जेवण तर केलंय. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

पहिल्या शनिवारसाठी तिनं तिची आवडती कादंबरी निवडली. एक नावाडी पुराच्या साली घर सोडून जातो. बरीच वर्षं लोटल्यावर परत येतो आणि काहीच न बोलता जेवायला बसतो. बायकोही काही विचारत नाही. ती त्याच्यापुढे मिरच्यांचा जळजळीत रस्सा आणि मासा ठेवते. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागतं, आणि मग ते पाणी मिरचीचं राहत नाही. मी हा उतारा घरी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला थांबावं लागलं.

पुस्तक तबककडे दिलं. दोन दिवसांनी विचारलं, कशी वाटली कादंबरी? म्हणाला, "चांगली आहे. ताटं बरीच, दोन कंदील, एक वल्हं. वल्ह्याचं लाकूड कुठलं ते मात्र लिहिलेलं नाही." मी विचारलं, आणि नावाडी? तो म्हणाला, नावाडी नट आणेल ना, आपल्याला काय करायचंय? मी डोक्याला हात लावला. जन्मभर त्यानं नाटकं अशीच वाचली होती, फक्त सामानापुरती. शेवटी कोण मेलं हे त्याला माहीत नसायचं, पण मेलेल्याची टोपी कुठल्या खुंटीवर होती ते पक्कं ठाऊक.

शनिवारी टेबलं भरली. वाडगे बाहेर आले आणि लोकांच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. काय लालभडक रंग, काय ती माशाची तुकडी. मी वाचायला सुरुवात केली. आवाज लावला, विराम घेतले, नावाड्याच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि मान वर करून पाहिलं, तर सगळी मंडळी रवंथ केल्यासारखी संथपणे चघळत होती. रंग बीटाचा होता. पुढच्या टेबलावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी अदबीनं विचारलं, मासा कुठला आहे हो? दारातून तबक अभिमानानं म्हणाला, "दुधी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशात तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, लोकांना रडू येत नसेल तर ग्लिसरीन आहे माझ्याकडे, देऊ का?

लेक तमाशा करणाऱ्यातली नाही. वाडगे गोळा करताना ती म्हणाली, "बाबा, दिसत फार सुंदर होतं. पुढच्या वेळेपासून जेवण केटररकडच्या बाई करतील. टेबलांची मांडणी तुम्ही बघा."

"मांडणीला फुलदाणी पुरते," तबक म्हणाला आणि वर निघून गेला.

सकाळी मी गेले तर हा स्वयंपाकघरात ट्रंकेला दोरी बांधत बसलेला. गाडी संध्याकाळची, भावाला कळवलंय, म्हणाला. लेक पुढे दुकानात पुस्तकांवरची धूळ झटकत होती. कालच झटकलेली. दोघांच्या मधे एक पातळ भिंत आणि दोघंही भिंतीसारखीच. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आला तो संताप. आदल्या दिवशीचा रस्सा पातेलंभर उरला होता. मी तो गरम करून त्याच्यापुढे आदळला आणि म्हटलं, खा.

तो म्हणाला, प्रयोगाचं आहे, आपण हात लावत नाही. मी म्हटलं, कंपनी बुडाली, दंडकही बुडाला. तरी ढिम्म हलेना. मग मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, "नावाड्याचं काम करणारा नट आलेला नाही. पडदा वर गेलाय. बस तिथं."

तबक जन्मात कधी दिव्यांच्या उजेडात आला नव्हता. पण आपल्यामुळे प्रयोग अडला, हे त्याला सहन होणं शक्य नव्हतं. तो गुपचूप बसला. मी उतारा म्हटला, आता पाठच झाला होता. त्यानं घास घेतला. चावला. परत चावला. दुधीची फोड चमच्यावर उलटीसुलटी करून पाहिली. दुसरा घास घेतला, जणू पहिल्याची चौकशी करायची होती.

"हे तुम्ही खात होता?"

"प्रत्येक प्रयोगाला."

"आणि तोंडावर ते समाधान असायचं?"

"त्याला अभिनय म्हणतात."

त्यानं चमचा खाली ठेवला. मग विचारलं, तो नावाडी का रडला? इतक्या वर्षांत सामान सोडून गोष्टीतलं काही त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी सांगितलं. म्हणाला, मग याच्यावर कोण रडणार. पिशवी उचलली आणि बाजारात गेला. जाताना बजावून गेला, गाडी संध्याकाळचीच आहे, राहणार वगैरे समजू नका.

त्यानंतरची दुपार मी वैऱ्याला देणार नाही. खरा मासा आला, मिरच्या आल्या, लसूण आला. फोडणी पडली तशी आख्खी गल्ली शिंकायला लागली. दर दोन मिनिटांनी चमचा माझ्या तोंडाशी. हे बघा, आता बघा, मघाचं बरं की आत्ताचं? मी म्हटलं, तुझी तू चव घे. मग तो घ्यायला लागला आणि थांबेचना. जीभ भाजली, शर्टावर ओघळ आले, तरी माझ्याशी वाद घालतोच आहे की, नावाड्याची बायको चिंच शेवटी घालत असणार, लेखकाला यातलं काय कळतंय.

लेक खोकत खोकत आत आली, गिऱ्हाइकं पळाली म्हणाली. त्यानं तिच्यापुढे वाडगा ठेवला. ती उभ्यानंच खायला लागली. बोटानं काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला. तिचं नाक लाल झालं, कपाळावर घाम आला, पाण्याचा पेला तिनं एका दमात संपवला. मग वाडगा पुन्हा पुढे केला. बापानं वाढलं. तेही संपल्यावर हात धुऊन ती दुकानात गेली. केटररला फोनवर सांगत होती ते भिंतीतून आम्हाला ऐकू आलं. बाईंना पाठवू नका म्हणाली. नाही, दुसरंही कुणी नको. घरचं माणूस आहे.

तबकनं ट्रंकेची दोरी सोडली नाही, गाडीची वेळही विचारली नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दाराशी जाऊन लेकीला म्हणाला, "इथं मला एक खुर्ची लागेल. बसून खाल्ल्याशिवाय काही कळत नाही."

एका टेबलाची खुर्ची कमी झाली तर गिऱ्हाईक कुठं बसवू, असं पुटपुटत लेकीनं ती उचलून आत आणली.