मंदाताईंचा शनिवारचा वर्ग

मंदाताई गेल्याची बातमी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी लवळ्याचा चढ चढत होतो. कॅन्टीनपाशी पोचेपर्यंत बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पहिले हात संचालकांचे. मी फोन खिशात ठेवला... त्याला आता दीड महिना झाला.

मंदाताई नर्सिंगच्या शिक्षिका, मी फिजिओथेरपीचा. मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, सगळ्या मुलांनी शिकतानाच एकत्र काम करायला शिकावं, नाहीतर पुढे रुग्णाच्या खाटेभोवती चार अनोळखी माणसं उभी राहतात, असं त्या म्हणत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दर शनिवारी चार शाखांची चार मुलं घेऊन गावात जायच्या. कधीकधी मीही जायचो. रिहे गावात एका मेंढपाळ घरातल्या आजींची साखर इन्शुलिन घेऊनही उतरत नव्हती. डोस वाढवायला हवा, असं मेडिकलचा मुलगा सांगू लागला. बाकीच्यांनी आपापलं सुरू केलं. आजी वैतागल्या. "परतेक जण येगळंच सांगतंय. मी ऐकू तरी कुणाचं?"

ताईंनी चौघांना ओट्यावर बसवलं आणि आधी एकमेकांशी बोला, मग आजींशी, असं बजावलं. मग नर्सिंगची मुलगी हळूच म्हणाली, की इन्शुलिनची बाटली चुलीवरच्या फळीवर आहे, रोज तापून औषध बिघडतंय. तिला ते आल्याआल्याच दिसलं होतं. मग गप्प का बसलीस, असं ताईंनी विचारलं.

"सर बोलत होते ना," ती म्हणाली. सर म्हणजे तिच्याच वयाचा तो मेडिकलचा मुलगा.

परतताना ताई गाडीत एवढंच म्हणाल्या, "या 'सर'पायी एक दिवस माणूस जाईल."

पुढे तपासणी समिती येणार म्हटल्यावर कॉलेजला हाच उपक्रम कागदावर दाखवायला हवासा झाला. बैठकीत संचालकांनी प्रमुख म्हणून एका डॉक्टरांचं नाव घेतलं. ते रिह्याला कधी आले नव्हते. नर्सिंगच्या मॅडम मदतीला असतीलच, असंही संचालक म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. पण माझी बढती अडली होती, आणि मी समोरच्या चहाच्या कपाकडे पाहत राहिलो... बाहेर आल्यावर वेळ योग्य नव्हती, वगैरे काहीतरी बोललो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आता मुलींना कुठल्या तोंडानं सांगू, बोला म्हणून?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. राग होता.

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आजारपण कळलं तेही दुसऱ्यांकडून. उद्या जाऊ, परवा जाऊ करत मी गेलोच नाही. शोकसभेत डॉक्टर मंडळी पुढच्या खुर्च्यांवर होती, नर्सिंगच्या मुली मागे भिंतीला टेकून उभ्या. उपक्रमाचे प्रमुख डॉक्टर भाषणात ताईंना 'आपल्या सिस्टर' म्हणाले. वीसेक वर्षं शिकवलं होतं ताईंनी.

शनिवारचा वर्ग आता माझ्याकडे आहे. त्यांची हजेरीची वहीही माझ्याच कपाटात आहे. सगळी नावं अक्षरक्रमानं लिहिलेली, शाखा कुठंच नाही. कोण डॉक्टर होणार आणि कोण नर्स, वाचून कळत नाही. हल्ली ऑफिसातून छापील तक्ता येतो. वर मेडिकल, तळाला नर्सिंग. मी तो भरतो आणि खाली सही करतो.