ढगाचं बूड

बारा वर्षं मी एकच ढग वापरला. कल्याण स्टेशनजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइनचं काम करायची. वाढदिवसाचे फ्लेक्स, दहीहंडीचे, दहावी पास झालेल्यांचे. कुठलाही दादा, भाऊ किंवा साहेब आला की त्याच्या डोक्यामागे तो पांढरा गुबगुबीत ढग लावून द्यायची. डावीकडे जागा उरली तर डावीकडे, उजवीकडे उरली तर उलटा करून उजवीकडे. कधी कोणाची तक्रार आली नाही. साहेबांचं लक्ष साहेबांवरच असायचं.

अडतिसाव्या वर्षी मला ठाण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत चित्रांमागचे देखावे रंगवायचं काम मिळालं. तीन महिने ट्रायल, मग ठरवणार. दुकानात माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलीसुद्धा, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती. नातेवाइकांना तर मी पर्मनंट झाले असंच ठोकून दिलं होतं. ट्रायलच्या शेवटच्या आठवड्यात मला एक प्रसंग मिळाला: मे महिन्याची दुपार, डोंगरामागून वादळी ढग चढतोय. मी खूश झाले, ढगांचा आपल्याला केवढा अनुभव!

माझी सीनियर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची आणि ताई म्हणतच कापायची. तिने माझं चित्र मोठं करून बघितलं आणि विचारलं, "ताई, यात सूर्य किती आहेत?"

मला कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. एका ढगावर ऊन डावीकडून पडत होतं, शेजारच्यावर उजवीकडून. "आणि हा तोच ढग आहे ना, उलटा केलेला?"

माझे कान गरम झाले. बारा वर्षांत हे एकाही साहेबाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तोवर घरूनच काम कर आणि शुक्रवारी नवं आभाळ दे गं," ती म्हणाली. "हे मी पुढे पाठवलं तर तुझं काही खरं नाही." म्हणजे शुक्रवारचं आभाळ जमलं तर नोकरी, नाहीतर पिशवी उचलायची.

डोंबिवलीला घरी येऊन मी कपाटाच्या दारावर ढगांचा तक्ता चिकटवला. सिरस, स्ट्रेटस, क्युम्युलस, क्युम्युलोनिंबस. शाळेत भूगोलाच्या पेपरासाठी जेमतेम पाठ केलेली नावं पुन्हा घोकली. एका फटकाऱ्यात ढग उमटवणारा कॉम्प्युटरमधला तयार ब्रश काढून टाकला आणि साध्या गोल ब्रशने हाताने रंगवायला बसले. तरी ते ढग साबणाचा फेस वाटत होते.

बाबा मागे येऊन उभे राहिले. खाडीकाठच्या मिठागरात तीस वर्षं राबलेला माणूस. आता गुडघे गेलेत, नजर मात्र शाबूत आहे.

"ह्याचं बूड कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"ढगाचं. समदे अधांतरी लोंबकलतान."

मी आधीच वैतागलेली. "बाबा, ढग आहे तो. अधांतरीच असणार ना!"

"वर चल गो बाय," ते म्हणाले, आणि गुडघ्यांना शिव्या घालत गच्चीचा जिना चढले.

मंगळवार होता, चारचा सुमार. आमच्या पाठीशी ऊन आणि समोर मलंगगडाच्या अंगाला ढग जमलेले. मी जन्मभर ते बघत आले होते, पण त्यांची बुडं कधी बघितली नव्हती. सगळी सपाट, एकाच उंचीवर, मोठ्या काचेवर मांडून ठेवल्यासारखी. वर ज्याला जेवढं फुगायचं तेवढा तो फुगलेला. लांबच्या ढगांची बुडं डोंगराकडे खाली खाली जात शेवटी नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या. त्यातला एक बाकीच्यांना मागे टाकून वाढायला लागला.

"डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यावानी हाय ना, तवर भ्यायचं नाय," बाबा म्हणाले. "कडा पिंजल्यागत झाली का पलायचं, मीठ झाकाया. पन आधी बूड बगायचं. डोकं फसवतं मानसाला."

माझ्या तक्त्यावर क्युम्युलसपासून क्युम्युलोनिंबसपर्यंत नुसता एक बाण काढला होता. त्या बाणाच्या जागी काय काय होतं, ते मी तासभर उभी राहून बघितलं.

हे शिकलात कुठे, असं मी सहज विचारलं. तेव्हा त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या शेवटच्या हंगामात गावात एका घरी हळद होती. आमच्या आगरी लोकांत हळद लग्नाहून मोठी. बँड, जेवणावळ, नाच, सगळा गाव मांडवात. दुपारपासूनच मिठागरातल्या सगळ्यांचे पाय घराकडे वळायला लागले. ढिगांवर ताडपत्र्या ओढायच्या तर तास-दीड तास मोडणार. ढगांचं बाबांना कळतं म्हणून सगळ्यांनी त्यांनाच विचारलं, पडेल का? बाबांचाही जीव मांडवात. त्यांनी ढगाचं पांढरंशुभ्र डोकं बघितलं आणि सांगून टाकलं, नाय पडत. बूड काळं पडलेलं त्यांनी बघितलंच नाही. हळद लागायच्या आत पाऊस आला आणि हंगामातलं निम्मं मीठ खाडीला मिळालं. पुढच्या वर्षी मालकाने मिठागर चालवलंच नाही. बाबांना कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्यांना आजपर्यंत लागून राहिलंय.

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मनात आलं की मला हवा तो ढग हाच. मी विचारलं, "बाबा, तो ढग मला सांगाल?"

ते खाली आले आणि माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. दोन दिवस बसले. "अजून खाली घे. काला नको, निला घाल त्यात. धूल पायजे, मे म्हयना हाय." मी आधी सगळी बुडं एका पातळीत आखली, मग एकच सूर्य धरून डोकी उजळली. मोठ्या ढगाच्या डाव्या खांद्याची कडा ठसठशीत ठेवली आणि माथ्याची कडा हलक्या हाताने विसकटली. डोंगरावर धुरकट पदर चढवला.

गुरुवारी संध्याकाळी चित्र पुरं झालं. बाबांनी स्क्रीनकडे बघितलं.

"झाकाया पायजे होतं," ते हळूच म्हणाले आणि आत निघून गेले.

ढग हुबेहूब उतरला म्हणून मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. त्यांच्यामागे जायला हवं होतं, ते मी गेले नाही. सकाळी उठून चित्र पाठवून दिलं.

सीनियरने ते कानाकोपऱ्यातून तपासलं. "सूर्य एकच आहे," ती हसून म्हणाली, आणि दुपारी मी पर्मनंट झाल्याचं सांगायला स्वतः माझ्या टेबलापाशी आली. घरी जाताना मी जिलबी घेतली.

बाबांनी दोन वेढे खाल्ले, बोटं पुसली आणि म्हणाले, "आता एक माज्यासाठी काड."

"कुठला ढग काढू?"

"ढग कशाला? बिनढगाचं काड."

मला वाटलं पाच मिनिटांचं काम. तीन संध्याकाळी गेल्या. रिकामं आभाळ कुठेच एकसारखं निळं नसतं. माथ्यावर गडद, खाली फिकं, खाडीवर तर पांढुरकं होत जातं. ऑफिसात दाखवलं असतं तर यात आहे काय, असंच कोणीही विचारलं असतं.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश बघत गेले, मग परत पहिल्या कोपऱ्याकडे आले. कुठेच काही सापडलं नाही, तेव्हा मागे टेकून बसले.

"ह्यात मीठ पिकंल," ते म्हणाले.