पेशंट सोडून सगळ्यांना

दवाखान्यात आत्याला डबा द्यायला गेले होते. शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होत्या. डॉक्टरांनी त्यांचे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी आहे की," शेवंताबाई म्हणाल्या.

"तुम्ही आराम करा, मावशी." डॉक्टर हसले आणि शेवंताबाईंच्या मुलाला घेऊन बाहेर गेले. मुलगा परतला तो तोंड धुऊन. "काही नाही गं आई. साधी गाठ आहे. दुपारी काढतील."

"साधी आहे, तर रडलास कशाला?"

तो तिची चादर सारखी करू लागला.

माठ घेतानासुद्धा आपण तो वाजवून बघतो. इथे एका बाईच्या अंगावर सुरी चालवायची, तर तिला सोडून सगळ्यांना विश्वासात घ्यायचं! वर याला माया म्हणायचं. म्हणे, ती घाबरेल. अहो, घाबरू द्या. शरीर तिचं आहे, भीतीही तिचीच असणार. जिने नवऱ्यामागे एकटीने संसार ओढला, ती दोन खरी वाक्यं ऐकून मोडेल, हे यांना कुणी सांगितलं?

तेवढ्यात शेवंताबाईंनी आत्याच्या डब्याकडे हात केला. "ती भाकरी द्या इकडं."

सिस्टर धावतच आल्या. "मावशी, पोटात काही गेलं तर ऑपरेशन थांबेल!"

"म्हणूनच मागतेय. डॉक्टरांनी मला येऊन सांगावं, काय झालंय आणि काय कापणार. नाहीतर मी जेवायला बसले."

मुलगा माझ्याकडे बघून हात जोडत होता. मी भाकरी त्यांच्या हातात दिली. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाल्या.