पुसणारी बाई

“ए बाई, तुझं काम पुसायचं. कुणाला काई पुसायचं न्हाई.”

अध्यक्ष बोलले अन् कमिटी हसली. दाराबाहेरच्या खाटांवरचे दोघं-तिघं म्हातारेबी हसले. माझ्या हातात फरशीचं ओलं फडकं. त्याचं पाणी माझ्याच पायावर गळत होतं.

दुष्काळाच्या दुसऱ्या सालची ही गोष्ट. वसमतकडच्या त्या निराधारांच्या आश्रमात मी कामाला होते. गाव माझं पार सेनगावच्या पल्याड. शाळा चौथीतच सुटली. नवरा गेल्यावर याच लोकांनी मला छप्पर दिलं, दोन वक्ताचं जेवण दिलं. तो उपकार मी आजबी नाकारत नाही. म्हणून तर तोंड शिवून होते.

त्या दिवशी मीटिंग होती. आश्रमात सुधारणा काय करायच्या? कमिटीनं लिहिलं, फाटकाला रंग, नावाची पाटी. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, “सायेब, ही माणसं दुपारपासून पाणीच पीत न्हाईत. संडास पार वावराच्या कडेला. रातच्याला जाता-येता पडतात. मी समद्यायला पुसलं.”

त्यावर तो जवाब.

आठवड्यात आश्रमातली सरूमावशी आजारी पडली. डोळ्यानं आंधळी. जीभ वाळून लाकूड झालेली. पाणी कमी पडलं, डॉक्टर म्हणाले. कमिटीनं वहीत लिहिलं, म्हातारपण.

म्हातारपण! माझ्या हातचा चहा कमिटीला चालत नव्हता. मावशीची घाण माझ्याच हातानं निघत होती. तरी मला काई कळत नाही?

मावशी उठून बसायला लागली, तशी पुढची मीटिंग आली. मी तिच्या कानात म्हटलं, “चल, तूच सांग.”

शेजारच्या खाटेवरचे आबा घाबरले. “काहून मरायला जाऊन राहिली गं? हाकलतील दोघींला.”

भ्या मलाबी होतंच. जायचं कुठं? तरी तिचा हात धरला अन् आत गेले.

“हिला काय कळतंय?” अध्यक्ष म्हणाले.

“तहान कळती, मालक,” मावशी म्हणाली.

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी मला दाराकडं बोट दाखवलं. दारात आबा उभे होते, भिंतीला धरून. त्यांच्या मागं बाकीचे येऊन राहिले होते.

मी मावशीला सतरंजीवर बसवलं. शेजारी मीबी बसले. पहिल्यांदा, कमिटीसमोर.

म्हटलं, हाकला. संडास खोलीजवळ येईस्तोवर मी उठणार नाही. अन् आला तरी, आमच्याबद्दलचा एक शब्द आमच्या माघारी लिहू देणार नाही.