चेहऱ्यावरचा उजेड

रविवारी आम्ही तिघं डबा घेऊन धरणाच्या काठावर गेलो. पाण्याकडे पाठ करून बसलेल्या बायकोचा मी फोटो काढला, तर पाणी लखलखीत आणि तिचा चेहरा काळा.

"बाबा, कॅमेरा मागच्या उजेडाला भुलतो," लेक म्हणाली. "आईच्या चेहऱ्यावरचा उजेड मोज आणि एक्स्पोजर वाढव."

तसं केल्यावर आकाश पांढरंफटक झालं, पण चेहरा उजळला. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसली. माझी आई घरी आजारी होती आणि तिच्यासाठीची सगळी जागरणं हीच काढत होती. रोज समोर असून मला ती वर्तुळं दिसली नव्हती.

"आकाश गेलं की हो," फोटो पाहून ती म्हणाली.

"जाऊ दे. आजपासून रात्री माझ्या आईजवळ मी झोपेन."

दशमीचा तुकडा मोडून तिने माझ्या हातावर ठेवला.