साडी नेसलेला मुराळी

मी उभ्या आयुष्यात एकच साडी चोरली, आणि तीही स्वतः नेसायला नव्हे, एका झुबकेदार मिशीवाल्या माणसाला नेसवायला. वय माझं तेव्हा तिशीच्या आतबाहेर, पदरी दोन लेकरं, आणि डोक्यात अशी हवा की गावात माझ्याइतकी विनोदी बाई दुसरी नाही. ती बाई आज समोर आली, तर आधी दोन थोबाडीत ठेवून देईन, मग चहाचं विचारीन.

हे आठवायला कारण नातीचा मोबाइल. त्यात गडी माणसं साड्या नेसून सासू-सुनांची भांडणं करतात; तुम्हीही बघत असालच. माझी सून पोट धरून हसते. नात म्हणते, "हा बायकांचा अपमान आहे." दोघींची जुंपली की मला पंच म्हणून बोलावतात. मी कसली पंच? मी त्या खटल्यातली आरोपी. म्हणून मी त्यांना मिस्तरींचं सांगते.

मिस्तरी मोटारी भरायचे. विहिरीवरची मोटार जळाली की तिची तांब्याची तार उसवून नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. शहादा तालुक्यातलं आमचं केळी-उसाचं गाव. उन्हाळ्यात रोज कुणाची तरी मोटार जळायची. बोटं अशी चपळ की तारेकडे न बघता वेढे घालायची, आणि राग असा की विचारू नका. एकाने त्यांच्या ओट्यावर बसून स्वतःच्याच मोटारीला आईवरून शिवी दिली. मिस्तरींनी हातातला पाना त्याच्या कानाजवळून असा भिरकावला की मागच्या माठाचे दोन तुकडे झाले. "मोटार मन्हा घर पाव्हनी शे," म्हणाले. "तिले शिवी देवानी नही."

असा हा माणूस वर्षातून एक दिवस, आखाजीला, बाईचं सोंग घ्यायचा.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आम्हा खानदेशी बायकांचा दिवस. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, घराघरात मांडे आणि आमरस. गडी कडुनिंबाखाली दिवसभर पत्ते कुटतात, त्यांना त्या दिवशी कुणी बोलत नाही. आणि दुपार कलली की आम्ही बाया पदरात गोटे भरून नदीच्या कोरड्या पात्राशी जातो. पलीकडच्या गावच्या बाया पलीकडे. मग शिव्या, मग गाणी, मग गोटे. डोकी फुटतात, हळद भरतात, कुणी कुणावर रागवत नाही. वर्षभराची वाफ जाते. आमच्या गावात त्या मिरवणुकीच्या पुढे मिस्तरींचं सोंग चालायचं.

अंबाडीची वेणी, जळालेल्या मोटारीतल्या तारेच्या बांगड्या, आणि मिशी काढायची नाही म्हणून पदराचा काठ दातात धरून तिच्यावर पडदा. दरवर्षी गावातल्या एका बाईचं सोंग. पण आधी तिच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचे. "माय, तुन्हं सोंग लेस यंदा. साडी दे." तिच्या एकटीपुढे ते तिची चाल, तिचं बोलणं करून दाखवायचे. ती हसली तर साडी घ्यायची. नाही हसली तर घडी घालून उंबऱ्यावर ठेवायची आणि दुसरं घर धरायचं. तोंडात एकच वाक्य, "जिनं लुगडं, तिनं हसू पहिले. गावनं मांगे." माझ्या सासूचं सोंग घेतलं तेव्हा म्हातारी एवढी हसली की तोंडातल्या मिसरीचा फवारा मिस्तरींच्या सदऱ्यावर. मिस्तरी तो सदरा आठवडाभर धुवत नव्हते, मेडल मिळाल्यासारखे फिरत होते.

त्या वर्षी ज्या बाईचं ठरलं होतं, तिच्याकडे ऐन आखाजीच्या सकाळी सुतक आलं. मिस्तरी म्हणाले, यंदा सोंग नाही. गावची विनोदी बाई हे कसं चालू देईल?

आमच्या परसाला लागून कोपऱ्याचं घर. तिथली सून अक्कलकुव्याकडची, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. पाण्याला यायची ती सर्वांच्या शेवटी, कुणाशी बोलायची नाही, एका गालावर पदर ओढलेला, उजवा पाय जरा मागे राहायचा. आखाजीला एकदाही माहेरी गेली नव्हती. मी म्हणायचे, मोठी भाव खाणारी! तिची नक्कल मी विहिरीवर रोज करायचे आणि बायांना हसवायचे. तेव्हा ध्यानात काय यायला हवं होतं, ते तुमच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं.

तिच्या दोरीवर मोरपंखी साडी वाळत होती. मी भिंतीवरून हात घातला आणि ओढली.

मिस्तरींनी साडी हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "तिले इचारं का, ताई?"

"हा भाऊ. तिनीच दिधी. हासत हासत दिधी."

"हासत? ती?"

"मंग! तुम्ही उठा, बाया खोळंबी ऱ्हायन्यात."

चालीचा धडाही मीच दिला. पाय असा ओढायचा, गाल असा झाकायचा, भिंतीच्या कडेकडेने जायचं. मिस्तरी एकदा बघून तसेच्या तसे चालले. मी टाळ्या वाजवल्या. शाबासकीची हौस केवढी!

मिरवणूक कडुनिंबापाशी आली. पुढे मिस्तरी गालावर पदर धरून पाय ओढत होते, मागे आम्ही पदरात गोटे घेऊन खिदळत होतो. पत्तेवालेही हसायला लागले. एकाने ओरडून त्या घराचं नाव घेतलं. तिचा नवरा तिथेच बसला होता. त्याने हातातली पानं उलटी करून नीट खाली ठेवली, शेजारच्या गाडीतली बैल हाकायची पराणी उपसली आणि मिस्तरींच्या पाठीत घातली.

आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू? आम्हाला वाटलं सोंगातलंच आहे. दुसरा तडाखा बसला, तेव्हाही हसलो. तिसरा तोंडावर बसला, दातातला पदर सुटला आणि त्याच्याबरोबर एक दातही धुळीत पडला. मग हसू थांबलं.

"मन्ही बायकोनं सोंग काढस? तिनीच दिधी ना साडी? तिनीच सांगं ना तुम्हले समदं?"

मिस्तरी रक्त थुंकत म्हणाले, "मी दोरीवरथीन उचली. तिले काहीच म्हाईत नही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साडी कोणी उचलली ते त्यांना त्या क्षणी कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

नवरा ऐकायला थांबलाच नाही. पराणी घेऊन तो घराकडे धावला. "समदं" म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. गालावरचा पदर, मागे राहणारा पाय, चार आखाज्या. आणि तरीही मी उभीच! धावले ते मिस्तरी. साडीत पाय अडकून पडले, उठले, पुन्हा धावले.

आम्ही पोचलो तेव्हा त्याने तिला चुलीपुढून ओढलेलं होतं, केस त्याच्या मुठीत, डोकं दाराच्या चौकटीवर. मांडे भाजायचं खापर फुटून पिठात पडलं होतं. मिस्तरी मधे घुसले, तिला मागे ढकललं आणि दार आपल्या अंगाने भरून टाकलं.

"मार! माले मार! साडी मन्हा आंगवर शे ना!"

त्याने मारलं. कसं मारलं म्हणून सांगू? बैलाला कुणी असं मारत नाही. मिस्तरींनी एकदाही हात उगारला नाही. पाना भिरकावणारा हा माणूस दोन्ही हातांनी चौकट धरून उभा राहिला. तडाखे बोटांवर बसायला लागले. तारेच्या बांगड्या मनगटात रुतल्या आणि मोरपंखी साडी कोपरापर्यंत लाल झाली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. वाळक्या तुरीच्या काड्या मोडाव्यात तसा.

पदरात गोटे होते, ते मला तेव्हा आठवलं. पहिला गोटा मी मारला. तो बरोबर मिस्तरींच्या कपाळाला लागला. माझा नेम हा असा! दुसरा गोटा माझ्या सासूचा. म्हातारीने सरळ त्या नवऱ्याचा गुडघा फोडला. तो खाली बसला आणि मग वीस-पंचवीस बायांनी दरवर्षी नदीपलीकडे फेकायचं ते सगळं त्याच्यावर रितं केलं. गोटे संपले, तेव्हा लाथा. पोलीस पाटील येईपर्यंत आमचे हातपाय थांबले नाहीत. ह्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज त्याच्या आधीच्या हसण्याची वाटते.

ती भिंतीला टेकून बसली होती. मिस्तरी वाकले आणि म्हणाले, "चाल बहीण. आखाजी शे. मी तुन्हा मुराळी."

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. तिच्या घरचा मुराळी चारही वर्षं दारातून परत पाठवला होता. मिस्तरी तसेच, फाटक्या साडीत, तुटक्या वेणीत, मिशीत रक्त गोठलेलं, तिला घेऊन बसमध्ये चढले. आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या, त्यांनी सांगितलं. कंडक्टर घाबरून म्हणाला, "आधी दवाखान्यात जा, बाई... बुवा." मिस्तरी म्हणाले, "पहिले हिनं माहेर. मंग दवाखाना."

ती त्या घरात पुन्हा आली नाही. माहेरी शाळेचे गणवेश शिवायला लागली, त्यावर उभी राहिली. मिस्तरींच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकली ती वाकलीच. तार गुंडाळायचं काम गेलं. पुढे ते नुसते पंप खोलायचे आणि भरायला शहाद्याला पाठवायचे.

प्लास्टर असताना मी त्यांच्याकडे गेले. "भाऊ, साडी मी चोरी. खोटं मी बोलनू."

त्यांनी प्लास्टरवर टिचकी मारली. "इचारानं काम मन्हं व्हतं, ताई. वीस पावलंवर तिनं घर. मी गऊ नही." मग म्हणाले, "तिले सांगू नको. आते कोठे ती जेवाले लागनी."

मी नाही सांगितलं. हे गप्प राहणं मला फार सोपं गेलं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर दर आखाजीला मिस्तरी अक्कलकुव्याकडे जायचे आणि तिला बहीण म्हणून आपल्या घरी आणायचे. नवरा तोवर शेत वाटेकऱ्याला देऊन गुजरातेत निघून गेला होता. मिस्तरीण तिच्यासाठी झोका बांधायची. सोंग मात्र बंद. बायांनी किती विनवलं, ते मान हलवायचे. तिसऱ्या की चौथ्या वर्षी तिनेच आपली एक साडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, मन्हं सोंग ल्या."

"नही बहीण."

"आते मी सरळ चालस. ते दखाडा."

मिस्तरींनी साडी नेसली. वाकड्या बोटांनी निऱ्या जमेनात, तिनेच खोचून दिल्या. पदर दातात धरला आणि तो थोराड मिशीवाला माणूस अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता सरळ चालला, मान वर, दोन्ही गाल उघडे. विनोद म्हणाल तर त्यात काहीच नव्हता. पण ती हसली. आधी हळू, मग झोक्याची दोरी धरून खदाखदा. मग बाकीच्या हसल्या. मला तेवढं जमलं नाही.

नात हे ऐकून म्हणते, "म्हणजे आजी, साडी नेसणं वाईट नाही?" मी म्हणते, साडीचं काय, ती तर दोरीवर असते. सून आता व्हिडिओ बघताना मधेच थांबते आणि विचारते, "ही कुणाची साडी असंल हो?" बिचारीचं हसणं मी नासवलं.

मिस्तरी गेल्या थंडीत गेले. यंदाच्या आखाजीला मला वाटलं, आता ती कशाला येईल? पण सकाळच्या बसने ती एकटीच आली, केस पांढरे, चाल ताठ. मिस्तरींच्या ओट्यावर त्यांचा पाना ठेवलाय, त्याच्या शेजारी बसली. मिस्तरीण आत रस काढत होती. मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि इतक्या वर्षांचं एका दमात सांगून टाकलं. साडी मी ओढली, तिनेच दिली म्हणून खोटं मी बोलले, चालीचा धडाही मीच दिला.

ती रागवेल, रडेल, निदान उठून जाईल, असं वाटलं होतं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माले म्हाईत व्हतं, आक्का. साडीनं काही नही. पन मन्हं लंगडनं तुले इतलं बराबर पाठ व्हतं, आनि एक दिन बी तू इचारं नही, पाय काबर दुखस."